कोड शिकवायचा तर हिशेबापासून

मा. संपादक,

गावात राहून काम करणाऱ्या स्वतंत्र प्रोग्रॅमरनी कॉलेजच्या मुलांना शिकवावे, असे सगळेच म्हणतात. कसे, ते कुणी सांगत नाही.

कोकणात पावसाळ्यात वीज आणि नेट जोडीनेच जातात, त्यामुळे व्हिडिओवर विसंबू नये. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेचा इन्स्टॉलर आणि त्याचे दस्तऐवज पेनड्राइव्हवर द्यावेत. गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे साधन, पहिल्या आठवड्यातच शिकवावे. कमिटला, म्हणजे बदल आपल्याच संगणकावर नोंदवायला, नेट लागत नाही; रेंज आली की पुश करता येते, म्हणजे नोंदी सर्व्हरवर पाठवता येतात. मात्र पासवर्ड चुकून कमिट झाला, तर फाइल पुसून भागत नाही. तो गिटच्या जुन्या नोंदींत राहतो, म्हणून पासवर्डच बदलावा.

पहिला सराव आंब्याच्या पेट्यांच्या हिशेबाचा घ्यावा. तिथेच खरी गंमत होते. विंडोजवर फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरे बाइटमध्ये साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८ असे लिहिले नाही, तर मराठी नावांचा चिवडा होऊ शकतो. एक्सेलसाठीची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) ‘यूटीएफ-८-सिग’मध्ये, म्हणजे सुरुवातीला ओळखखूण असलेल्या यूटीएफ-८मध्ये लिहावी. ‘हापूस’ डोळ्यांना ३ अक्षरे, पायथॉनच्या मोजणीत काना आणि उकार वेगळे धरून ५, साठवताना १५ बाइट. रकान्याची रुंदी बाइटमध्ये ठरवली की नावे अर्धवट कापली जातात ती यामुळेच. रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवावी, कारण संगणकाच्या नेहमीच्या दशांशात (फ्लोटमध्ये) ०.१ अधिक ०.२ नेमके ०.३ येत नाहीत.

आणि शिकवणाऱ्याने कीबोर्ड ओढून घेऊ नये. एरर आली की आधी तिची शेवटची ओळ मुलाला मोठ्याने वाचायला लावावी. निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

आपला,
एक सॉफ्टवेअर विकसक, कणकवली