वेलांटी चुकली तरी हेलपाटे

महोदय,

वेमुलवाडाचे माजी आमदार चेन्नमनेनी रमेश हे जर्मन नागरिकच असल्याचा निकाल तेलंगण उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये दिला. वर ३० लाख रुपये भरायला लावले. योग्यच झाले. पण माहिती दडवून २००९ मध्ये मिळवलेल्या भारतीय नागरिकत्वाचा निकाल लागायला पंधरा वर्षे? त्यातली बहुतेक वर्षे हे गृहस्थ विधानसभेत बसून कायदे करत होते! इकडे आमच्या विट्याचा गलाईवाला (सोने-चांदी गाळणारा कारागीर) परराज्यातून गावी येतो आणि आधारवर आडनावाची एक वेलांटी चुकली म्हणून हेलपाटे घालतो. नागरिकत्व काढून घेणारे १९५५ च्या कायद्यातले कलम १० जन्माने नागरिक असलेल्यांना लागू नाही, एवढे तरी त्याला कुणीतरी सांगा. पारावर मात्र नागरिकत्वच जाईल, असे भलतेच ऐकू येते.

– एक वाचक, विटा (जि. सांगली)