रान राखण्यासाठी जमीन घेऊ पाहणाऱ्यांनाही वाट द्यावी : महसूलमंत्र्यांना खुले पत्र

मा. महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस स. न. वि. वि.

सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात जे जंगल दिसते, त्यातले बरेचसे वन खात्याचे नाही. ते सातबाऱ्यावर वरकस, म्हणजे डोंगरउतारावरची हलकी जमीन, म्हणून नोंदलेले, अनेक सहहिस्सेदारांच्या मालकीचे रान आहे. राधानगरीकडून गोव्यातील म्हादई आणि कर्नाटकातील भीमगड अभयारण्यांकडे जाणारी वाघांची वाट याच रानातून जाते. २०२० मध्ये शासनाने तिलारीचे २९.५३ चौरस किलोमीटर क्षेत्र संवर्धन राखीव घोषित केले आणि २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्टा पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित करण्याचे निर्देश दिले. दोन्ही निर्णय स्वागतार्ह आहेत. पण झाडे राखल्याचे मोल मालकाच्या हाती त्यांतून पडत नाही. आजारपण किंवा मुलांचे शिक्षण समोर उभे राहिले की डोंगर विकला जातो आणि थोड्याच दिवसांत तिथे रबराच्या नाहीतर अननसाच्या ओळी लागतात. विकणाऱ्याला मी दोष देत नाही.

अशा वेळी एखाद्या धर्मादाय न्यासाने योग्य दाम देऊन ती जमीन घ्यायची आणि रान तसेच ठेवायचे म्हटले, तर कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ चे कलम ६३ आडवे येते, कारण शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. औद्योगिक वापरासाठी मात्र याच अधिनियमात कलम ६३-१अ ची स्वतंत्र वाट आहे. जमीन खणणाऱ्यासाठी वाट आणि जमिनीला हात न लावणाऱ्यासाठी अडसर, ही विसंगती अधिनियमात दुरुस्ती करून आपण दूर करावी.

वायनाडमधील तिरुनेल्ली-कुद्राकोट हत्तीमार्गावर वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाने तेथील कुटुंबांच्या संमतीने जमीन घेतली, त्यांचे पुनर्वसन केले आणि पुढे ती जमीन केरळच्या वन खात्याकडे सोपवली. हत्तींनी मोडलेल्या माड-केळींचे पंचनामे पाहत आलेल्या आमच्या तालुक्याला हे उदाहरण परके वाटू नये.

न्यासाच्या नावाखाली धनिकांची फार्महाऊस उभी राहतील, ही भीती रास्त आहे. म्हणून परवानगी देतानाच बांधकामास मनाई करावी, वन्यजीव अधिनियमाच्या कलम ३६-क खाली ती जमीन सामुदायिक राखीव (मालकाने किंवा गावाने स्वेच्छेने राखलेले संरक्षित क्षेत्र) घोषित करण्याची अट घालावी आणि गुरांच्या वाटा, पाणवठे व देवस्थानाकडे जाण्याचा गावकऱ्यांचा हक्क खरेदीखतातच लिहून घ्यावा. न्यास विसर्जित झाल्यास जमीन शासनाकडे जावी.

या दुरुस्तीचा मसुदा विधिमंडळात मांडण्यापूर्वी दोडामार्ग व सावंतवाडीतील ग्रामसभांपुढे ठेवावा, ही विनंती.

आपला,
दोडामार्ग तालुक्यातील एक वरकसधारक