लॅमिंग्टन रोडवरच्या दादांना

दादा,

तुमचं नाव विचारायचं राहिलंच, म्हणून हे असं जाहीर पत्र. मी ती, शनिवारी तीन मेमरी कार्डं तुमच्या काउंटरवर आपटून "मुंबईत एक तरी अस्सल कार्ड मिळतं का हो?" म्हणणारी.

दिवाळी अंकाची प्रुफं मी लोकलमध्ये तपासते, तळहाताएवढ्या लिनक्स संगणकावर. दादरला उतरताना बटण दाबून ते झोपवायचं, परतीला उठवावं तर कार्ड गायब! एकदा अख्ख्या कथेच्या दुरुस्त्या गेल्या. लेखकाला काय थाप मारली ते इथे लिहीत नाही.

बाकी सगळे "कार्ड डुप्लिकेट आहे" म्हणाले आणि नवं विकून मोकळे झाले. तुम्ही एवढंच विचारलंत, "पूर्ण बंद करून चालू केलं की दिसतं?" दिसतं. "मग कार्ड कशाला घेता?"

मग डीमेसेज, म्हणजे यंत्राची आतली नोंदवही, काढून त्यातली -११० ही एरर दाखवलीत. म्हणजे टाइमआउट, यंत्राने हाक मारली, कार्डाने वेळेत ओ दिली नाही. झोपेत स्लॉटची वीज जाते, त्यामुळे जागं झाल्यावर कार्डाशी ४०० किलोहर्ट्झच्या आतल्या संथ गतीने पुन्हा पहिल्यापासून ओळख करून घ्यावी लागते. ती फसली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, समजतो कार्ड काढलं. नंतर ते सापडलं तरी कधी नव्या क्रमांकाने येतं आणि माउंट, म्हणजे फाइलींसाठी केलेली कार्डाची जोडणी, जुन्याच क्रमांकाला धरून बसतं. कर्नल इतका संशयी का, हेही तुम्हीच सांगितलंत: झोपेत कोणी कार्ड बदललं आणि जुन्याचा हिशेब नव्यावर लिहिला गेला, तर त्याचाही सत्यानाश. म्हणून तो कार्डाची १६ बाइटची ओळख ताडून बघतो. हे मला फार पटलं. प्रुफं तपासणारी माणसंही अशीच असतात.

सिस्टम-स्लीप फोल्डरमधली (तिथलं सगळं झोपताना-उठताना आपोआप चालतं) तुमची चार ओळींची स्क्रिप्ट झोपेआधी सिंक करून, म्हणजे राहिलेलं सगळं कार्डावर लिहून, कार्ड अनमाउंट करते, म्हणजे जोडणी सोडवते, उठल्यावर माउंट करते. फाइल उघडी राहिली तर अनमाउंट होत नाही, हे तुम्ही बजावलं होतं. तरी मी एकदा विसरलेच. पण सिंक झालेलं असल्यामुळे दुरुस्त्या वाचल्या.

चहासुद्धा तुम्हीच पाजलात. अंक छापून आला की पहिली प्रत तुमची. शनिवारी गाळा किती वाजेपर्यंत उघडा असतो?

तुमची,
तीन कार्डंवाली