आकडा वाढला म्हणजे बुरशी हरली, असे नाही

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत बुरशीजन्य आजारांवर आलेला लेख वाचला. भाषा सोपी होती, चित्रेही चांगली होती. पण 'पांढऱ्या पेशी भरपूर असल्या की बुरशीची भीती नाही' हे वाक्य चौकटीत ठळक छापले होते आणि तिथे मी अडले. मी डॉक्टर नाही. एकतीस वर्षे प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून रक्ताच्या स्लाइड पाहिल्या. आता यंत्र मोजते. आमच्या वेळी डोळा सूक्ष्मदर्शकात आणि बोटे काउंटरच्या कळांवर असत. शंभर पेशी भरल्या की घंटी वाजे. ती घंटी अजूनही कधी कधी कानात वाजते.

एक मुलगा आठवतो, चार-पाच वर्षांचा. फुप्फुसात ॲस्परजिलस नावाची बुरशी वाढलेली. रक्ताच्या एका घन मिलिमीटरमागे पांढऱ्या पेशी चौदा हजार, म्हणजे मोठ्या माणसांच्या चार ते अकरा हजार या मर्यादेच्याही वर. त्यात सत्तरच्या आसपास टक्के न्यूट्रोफिल, म्हणजे जंतू आणि बुरशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशी. आपल्या चौकटीप्रमाणे या पोराला बुरशी व्हायलाच नको होती! डॉक्टरांनी एनबीटी चाचणी सांगितली. यात एक पिवळसर द्रव्य रक्तात मिसळतात आणि पेशींना डिवचतात. पेशी धडधाकट असेल तर ती आत प्राणवायूचे जहाल रेणू तयार करते आणि ते द्रव्य गडद निळे होते. तुलनेसाठी निरोगी रक्त लागते, ते मी माझेच काढून घेतले. माझ्या स्लाइडवर न्यूट्रोफिलमध्ये निळे-काळे ठिपके भरले होते. त्याच्या स्लाइडवर काहीच नाही. पेशी होत्या, आकाराने-केंद्रकाने अगदी पुस्तकातल्यासारख्या, पण कोऱ्या. मी लेन्स बदलून, स्लाइड पुन्हा करून पाहिली. तेच.

या आजाराला क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज म्हणतात. जन्मजात असतो आणि बहुतेक वेळा मुलग्यांमध्ये दिसतो. पेशी बुरशीपर्यंत पोहोचते, तिला गिळतेही, पण गिळल्यानंतर मारायला लागणारे ते जहाल रेणू बनवणारे विकरच (एन्झाइम) नीट चालत नाही. काउंटरवर मात्र ती पेशी माझ्या पेशीसारखीच एक कळ दाबून मोजली जाते.

लेखात जीवाणू आणि बुरशी एकाच दावणीला बांधले आहेत, तेही खटकले. ॲस्परजिलसचे बीजाणू हवेतून रोज शेकड्यांनी आपल्या श्वासात जातात. एकेक दोन-तीन मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचे दोन-तीन हजारांश. फुप्फुसातल्या मॅक्रोफेज पेशी त्यांतले बहुतेक गुपचूप गिळून टाकतात. आपल्याला पत्ताही लागत नाही. जे सुटतात ते काही तासांत फुगतात आणि त्यांना धागा फुटतो. इथे खेळ बदलतो. न्यूट्रोफिल साधारण बारा ते पंधरा मायक्रॉनचा, आणि धागा त्याच्या कितीतरी पट लांब. गिळायचा कसा? मग अनेक पेशी धाग्याला चिकटतात आणि बाहेरूनच त्याच्यावर ते जहाल रेणू सोडतात. काही पेशी तर स्वतःचा डीएनए उलगडून जाळ्यासारखा बाहेर फेकतात. त्या जाळ्यात जस्त पकडून ठेवणारे एक प्रथिन असते, त्यामुळे बुरशीची उपासमार होते. हे जाळे शास्त्रज्ञांनी पहिल्यांदा नोंदवले २००४ साली. स्लाइडवर फुटलेल्या, पसरलेल्या पेशी आम्ही 'स्मज' म्हणून सोडून द्यायचो. त्या म्हणजे हे जाळे नव्हे, हे मला कळते. पण त्याबद्दल वाचल्यावर पहिल्यांदा त्याच आठवल्या. आणखी एक गंमत अशी की शत्रू गिळण्याएवढा लहान असेल तर न्यूट्रोफिल सहसा जाळे टाकत नाही. जाळ्याने आसपासच्या आपल्याच पेशींनाही इजा होते, म्हणून हा हात राखून ठेवलेला बरा.

पांढऱ्या पेशी शत्रूला खातात, हा शोधच मुळी बुरशीशी जोडलेला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १८८४ मध्ये मेचनिकॉफ या जीवशास्त्रज्ञांनी डॅफ्निया या पाण्यातल्या इवल्या जिवाचा आजार तपासला. त्याचे अंग पारदर्शक असते. त्याने गिळलेले बुरशीचे सुईसारखे बीजाणू आतड्याची भिंत भेदून बाहेर येत आणि फिरत्या पेशी त्यांना घेरून टाकत. पेशी जिंकल्या तर डॅफ्निया जगे, नाहीतर बुरशी त्याच्या अंगभर पसरे. पुढे १९०८ चे नोबेल त्यांना पॉल एर्लिच यांच्यासोबत मिळाले.

'पांढऱ्या पेशी' ही एक जात नव्हे, हेही लेखात यायला हवे होते. तोंडातल्या कॅन्डिडा या बुरशीला आवर घालायला मदतनीस टी-लिम्फोसाइट लागतात. न्यूट्रोफिलना बोलावणे धाडण्यात त्यांचा हात असतो. एचआयव्हीमध्ये या टी-पेशी दोनशेच्या खाली गेल्या की जिभेवर या बुरशीचा पांढरा थर धरण्याची शक्यता फार वाढते, मग बाकीच्या पेशी कितीही असोत. रक्ताच्या कर्करोगात तर टोटल काउंट, म्हणजे पांढऱ्या पेशींची एकूण संख्या, लाखावर गेलेला मी पाहिला आहे. सगळ्या कच्च्या पेशी, कामाची एखादीच.

सर्वांत फसवा आकडा स्टिरॉइड घेणाऱ्याचा. औषध सुरू झाले की न्यूट्रोफिल वाढलेले दिसतात. खरे तर रक्तवाहिनीच्या भिंतीला टेकून बसलेल्या पेशी सुटून प्रवाहात आलेल्या असतात, आणि प्रवाहातून ऊतींत जायला त्या नाखूश असतात. रिपोर्ट भरलेला, मोर्चा रिकामा. २०२१ मध्ये कोरोनाच्या काळात आलेल्या म्युकरच्या, म्हणजे 'काळ्या बुरशी'च्या, रुग्णांत बहुतेकांना मधुमेह होता आणि अनेकांना स्टिरॉइड दिलेले होते. साखर चढली की न्यूट्रोफिल मंदावतात. त्यातून ही बुरशी रक्तवाहिनीत शिरून ती बुजवते. जिथे रक्तच पोहोचत नाही तिथे ना पेशी पोहोचत, ना औषध. म्हणून तो मेलेला भाग कापून काढावा लागे. गजकर्णावर स्टिरॉइड मिसळलेले मलम चोळणाऱ्यांचेही छोट्या प्रमाणात असेच होते. लाली आणि खाज ही पांढऱ्या पेशींच्या झटापटीची खूण असते. मलमाने ती विझते, माणसाला बरे वाटते आणि चट्टा पसरत राहतो.

आकड्याला काहीच अर्थ नाही, असे मात्र मला म्हणायचे नाही. केमोथेरपी घेतलेल्या एका रुग्णाची स्लाइड मी वीस मिनिटे सरकवत होते. न्यूट्रोफिल सापडले तीन. त्या दिवशी घंटी वाजलीच नाही. तिथे आकडाच सगळे सांगत होता. टोटल काउंटला न्यूट्रोफिलच्या टक्क्यांनी गुणून शंभराने भागले की खरी संख्या मिळते: तीन हजारांचे दहा टक्के म्हणजे तीनशे. ही संख्या पाचशेच्या खाली गेली आणि आठवडा-दीड आठवडा तिथेच राहिली, तर बुरशीचा धोका फार वाढतो. अशा माणसाला ताप आला तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे लागते.

तेव्हा एवढीच विनंती, की चौकटीतल्या त्या वाक्याची दुरुस्ती पुढच्या अंकात छापावी. दोन ओळी पुरतील. आणि जमल्यास न्यूट्रोफिलची संख्या काढण्याचे वरचे गणितही सोबत द्यावे. ते रिपोर्टवर नेहमीच छापलेले असते असे नाही.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ