ड्राफ्ट नंतर, आधी गुणपत्रक सांभाळा

महोदय,

अमेरिकेतल्या लॅक्रॉस ड्राफ्टची, म्हणजे संघांनी पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडण्याची, बातमी आपल्या क्रीडा पानावर आली आणि कोल्हापुरात आमच्या मंगळवार पेठेतल्या कट्ट्यावर तिची चर्चा चांगलीच रंगली. टोकाला जाळी लावलेल्या काठीने चेंडू झेलायचा, पळवायचा आणि गोलात मारायचा, असा हा उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा खेळ. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो घ्यायचे ठरले ते ऑक्टोबर २०२३ मध्ये, आपल्या मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात, क्रिकेटच्या सोबतीने. कट्ट्यावरच्या पोरांचा प्रश्न एकच होता, "काका, पैसं किती देत्यात?" माझे लक्ष मात्र भलतीकडेच गेले. ही निवड करणाऱ्यांसमोर कागद कोणते असतात?

हे सुचण्याचे कारण माझा धंदा. मी एका कॉलेजच्या जिमखान्यात लिपिक होतो आणि खो-खोच्या मैदानावर गुणलेखक म्हणून, सामन्याचे गुणपत्रक लिहायला, टेबलाला बसत आलो.

तिकडची प्रीमियर लॅक्रॉस लीग पॉल आणि माइक रेबिल या भावांनी २०१८ मध्ये काढली, पहिला हंगाम २०१९ चा. पॉल रेबिल स्वतः जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा खेळाडू, २००८ मध्ये तेव्हाच्या मेजर लीग लॅक्रॉसच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेला. आता लीगमध्ये आठ संघ आहेत आणि अलीकडे कॉलेज ड्राफ्टच्या चार फेऱ्या होतात, म्हणजे ३२ नावे. तिथे बोली लागत नाही. मागच्या हंगामात जो तळाला, त्याची पाळी साधारणपणे आधी. २०२४ मध्ये डेन्व्हर आउटलॉजने ड्यूक विद्यापीठाच्या ब्रेनन ओनीलला सर्वांत आधी उचलले ते मेच्या सुरुवातीला, आणि कॉलेजांचा अंतिम सामना झाला २७ मे रोजी. त्याचा पुढचा संघ ठरला तेव्हा कॉलेजांचा हंगाम चालूच होता.

आता या ३२ जणांना प्रत्येक संघाच्या प्रशिक्षकाने मैदानात जाऊन पाहिलेले असते का? सगळ्यांना पाहणे शक्यच नाही. पण प्रत्येक सामन्याची नोंद असते: गोल किती, गोलासाठी पास किती, जमिनीवरचे मोकळे चेंडू किती उचलले, गोलरक्षकाने किती अडवले. खेळ सुरू करताना मधोमध चेंडूसाठी जी झटापट होते, तेवढ्यासाठीच मैदानात उतरणारे खास गडी असतात. शंभरातल्या किती झटापटी जिंकल्या, यावर त्यांचा भाव ठरतो. एरवी अशा गड्याकडे कोण बघणार? त्याला कागदच पुढे आणतो.

आमचे खो-खोचे गुणपत्रकही काही कमी नाही हो. कोणत्या नंबरच्या गड्याने कोणाला टिपले, कितव्या मिनिटाला किती सेकंदांनी, सूर मारून की खांबावर, सगळे त्यात असते. तिसऱ्या तुकडीतली एखादी पोरगी शेवटच्या पाळीत दोन-अडीच मिनिटे पळते आणि सामना फिरवते, तिचा तो वेळ मी सेकंदासकट लिहिलेला असतो. सामना संपतो, पंच सही करतात, निकाल जाहीर होतो, आणि कागद जिमखान्याच्या कपाटात जातो. एका कॉलेजात मी असे गठ्ठे रद्दीवाल्याच्या काट्यावर चढताना पाहिले आहेत. किलोवर गेले!

बातमीतही तीच तऱ्हा. राग मानू नका, पण आपल्याकडे छापून येते ते विजयी संघाचे नाव, कोणाच्या हस्ते चषक दिला ते, आणि मग उपस्थित मान्यवरांची लांबलचक यादी. पळणारीचा वेळ त्यात बसत नाही. राज्य स्पर्धेच्या बातमीत संरक्षणाची मिनिटे आणि टिपलेले गडी कंसात देता, तेवढे कॉलेजच्या सामन्याला दिले तर काय बिघडेल?

ड्राफ्ट आपल्याला नवा नाही. २०२२ मध्ये अल्टिमेट खो-खो सुरू झाली तेव्हा सहा संघांनी खेळाडू ड्राफ्टनेच निवडले, आणि तो हंगाम झाला बालेवाडीत, इथून चार-पाच तासांवर. पण कॉलेजच्या मैदानावर चमकलेली आणि नंतर कुठे मोठ्या स्पर्धेत न गेलेली मुले अशा यादीपर्यंत पोहोचायची कशी? खाशाबा जाधवांच्या हेलसिंकीवारीसाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकले, हे कोल्हापुरात शाळकरी पोरही सांगेल. खर्डेकरांना खाशाबा माहीत होते, म्हणून ते घडले. राधानगरी किंवा शाहूवाडीच्या कॉलेजातल्या पोराला ओळखणारा असा प्राचार्य दरवेळी कुठून आणायचा?

लॅक्रॉसचे फार गोडवेही गाऊ नयेत. ड्राफ्टमध्ये नाव आले म्हणजे जागा पक्की असे नाही, सराव शिबिरात गळती होतेच. आणि बरेच खेळाडू आठवडाभर नोकरी करून शनिवार-रविवारी खेळतात, तिथेही सगळ्यांची चूल काठीवर पेटत नाही. म्हणून पदवी हातात असणे बरे, हे मी पोरांना सांगितले. त्यांना ते फारसे आवडले नाही.

शिवाजी विद्यापीठाला माझी एक सुचवणी आहे. आंतरविभागीय स्पर्धांची गुणपत्रके, खो-खो, कबड्डी, फुटबॉल, हॉकी सगळ्यांची, त्याच रात्री मोबाइलवर फोटो काढून संकेतस्थळावर टाकावीत. खर्च जवळजवळ नाही. अक्षर तेवढे वाचता येईल असे काढायला गुणलेखकांना सांगावे लागेल. यंदा निदान उपांत्य आणि अंतिम सामन्यांपासून सुरुवात करावी. तक्ते भरायला आणि तपासायला माणूस कमी पडत असेल, तर मी विनामोबदला येऊन बसायला तयार आहे. चष्म्याचा नंबर वाढलाय, पण घड्याळ अजून नीट दिसते.

एक निवृत्त जिमखाना लिपिक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर