सिस्टर मावशी, हे आभार तुम्हाला घ्यावेच लागतील

प्रिय सिस्टर मावशी,

सलाम.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही ऐकून घेत नाही. "माझे कसले मानतेस? त्याचे मान," असं म्हणून लगेच दुसरा विषय काढता. आता तुम्ही मुलाकडे नाशिकला आणि मी इथे घोरपडे पेठेत. पत्र वाचताना तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही, म्हणून लिहिते आहे. आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण अंथरुणाला खिळलेलं माणूस असलेली घरं आपल्या पेठांत बरीच आहेत. त्या प्रत्येक घराला सिस्टर मावशी मिळेलच असं नाही.

पप्पा पीएमटीचे, म्हणजे पुण्याच्या शहर बसचे, कंडक्टर. पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एक होऊन 2007 मध्ये पीएमपीएमएल झाली, पण पप्पा त्याआधीच निवृत्त झाले होते. त्यामुळे त्यांच्या डोक्यात शेवटपर्यंत पीएमटीच राहिली. डिमेन्शियाने आधी आमची नावं नेली, मग आई वारल्याचं नेलं, मग संडासाची वाट. बसचे थांबे तेवढे शाबूत. रात्री दोनला पलंगावर उठून बसायचे आणि "रामोशी गेट, क्वार्टर गेट, चला, पुढे सरका" सुरू. माझ्याकडे तिकिटाचे पैसे मागायचे. सुट्टे नाहीत म्हटलं की चिडायचे. लोक सांगतात, अशा माणसांना सगळं विसरलं तरी स्तोत्रं आठवतात. आठवत असतील कोणाला. आम्ही बायबलमधलं तेविसावं स्तोत्र म्हणून पाहिलं. पप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पास आहे का?"

चर्चच्या महिला मंडळाबरोबर तुम्ही पहिल्यांदा आलात, तो दिवस मला नीट आठवतो. बाकीच्या बायकांनी प्रार्थना केली, चहा घेतला आणि निघाल्या. त्यांचंही काही चुकलं नाही, त्यांनी आणलेला केक पप्पांना फार आवडला होता. तुम्ही मात्र मागे राहिलात. पायाकडची चादर वर केलीत, टाच हातात घेतलीत आणि म्हणालात, "ही लाली बघितलीस? इथे आता जखम होणार." जन्मभर वॉर्डात काढलेल्या बाईचे डोळे ते. त्या संध्याकाळी मी जेवढं शिकले, तेवढं कुठल्या दवाखान्यात मला कोणी सांगितलं नव्हतं. दर दोन तासांनी कूस बदलायची. पोटरीखाली उशी द्यायची म्हणजे टाच अधांतरी राहते. चादरीला सुरकुती नको. भरवताना पूर्ण बसवायचं आणि भरवून झाल्यावर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही, नाहीतर घास श्वासनलिकेत जातो. आणि एकाएकी जास्तच भ्रमिष्टासारखं वागायला लागले तर आधी लघवी तपासून घ्यायची, संसर्ग असू शकतो.

कूस बदलायला गेलं की पप्पा अंग ताठ करायचे, हात झटकायचे. तुम्ही विचारलंत, "गाडी सोडायला कंडक्टर काय करतो?" दोनदा घंटा देतो. दुसऱ्या दिवसापासून आम्ही पलंगाच्या लोखंडी कडेवर चमच्याने टिंग टिंग करायला लागलो. पप्पा आपणहून सैल पडायचे. ह्यांना तर हसू आवरायचं नाही.

सगळ्यात अवघड होती ती अंघोळ, आणि ते मी कोणाजवळ बोलले नव्हते. मुलीने बापाचं अंग पुसायचं. ह्यांना कामावरून यायला रात्र व्हायची. भाऊ पिंपरीला, तो रविवारी यायचा, पैसेही द्यायचा, माझी तक्रार नाही. पण रोज सकाळी घरात मीच. तुम्हाला न सांगताच कळलं. अंगावर मोठी चादर घालायची, तिच्याखालून एकेक हात, एकेक पाय बाहेर घ्यायचा, पुसायचा, कोरडा करायचा, झाकायचा आणि मग पुढचा. "डोळे चादरीवर ठेव. काय करायचं ते हाताला कळतं."

मग पंचा पिळता पिळता तुम्ही नोहाची गोष्ट काढलीत. रविवारच्या शब्बाथ शाळेत आम्हाला ती दारूबंदीसाठी सांगायचे! नोहा द्राक्षारस पिऊन डेऱ्यात उघडा पडलेला. हामने पाहिलं आणि बाहेर येऊन सांगितलं. शेम आणि याफेथ यांनी खांद्यांवर वस्त्र घेतलं, पाठमोरे चालत आत गेले आणि तोंड फिरवून बापाला झाकलं. तुम्ही म्हणालात, "तेव्हा सीनाय डोंगर नाही, मोशेला मिळालेल्या आज्ञांच्या दगडी पाट्या नाहीत, मोशेच जन्माला यायचा होता. पाचवी आज्ञा अजून कोणाला मिळालेलीच नव्हती. तरी ही दोन पोरं ती पाळत होती. त्यांनी कुठलं वचन पाठ केलं होतं? चादर धरली." आपल्या बापाचा व आपल्या आईचा मान राख, ही दहा आज्ञांतली पाचवी मी लहानपणापासून म्हणत आले. मान राखणं म्हणजे उलट न बोलणं, एवढंच मला त्यातून कळलं होतं. (क्वार्टर गेटच्या सिटी चर्चला जाणारी आमची शेजारीण हिला चौथी आज्ञा म्हणते. कॅथलिकांची मोजणी वेगळी. म्हातारा तिच्याही घरी आहे.)

त्या काळात माझं रविवारचं देवळात जाणं सुटलं होतं. चर्चच्या मंडळीतल्या कोणीतरी मला ऐकवलं, घरचं दुखणं कोणाला नाही, पण देवाला पहिलं स्थान द्यायला हवं. मला ते फार लागलं. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही समजूत काढायच्या भानगडीत पडला नाहीत. पप्पांच्या उशाशी बसून मार्काच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय काढलात. शास्त्री आणि परूशी, म्हणजे तेव्हाचे धर्मपंडित, तेच करत होते: आईबापाला द्यायचं ते 'देवाला वाहिलं' म्हणायचं आणि आईबापापासून मोकळं व्हायचं. येशूने त्यांना सरळ सांगितलं की असं करून तुम्ही देवाचं वचन रद्द करता. "देवाचं नाव पुढे करून बापाला टाळता येत नाही, हे देवाच्या पुत्रानेच सांगितलंय. तुझी उपासना सध्या ह्या खोलीत," असं म्हणालात. लगेच पुढे, "पण प्रभुभोजनाच्या रविवारी तू जायचंस. मी बसते." आणि तुम्ही बसत होता. स्वतःचं प्रभुभोजन सोडून. पाळकसाहेबांना हे कळलं आणि ते नंतर तुमच्यासाठी प्रभुभोजन घेऊन घरी यायला लागले, ही गोष्ट तुम्ही कोणाला सांगत नाही, म्हणून मी सांगून टाकते.

आमच्या भागातलं पाच हौद मिशन म्हटलं की बाहेरच्यांना 1890 चं चहाचं प्रकरण आठवतं. टिळक-रानड्यांनी मिशनमध्ये चहा घेतला म्हणून पुण्यात केवढं वादळ उठलं होतं. मला आठवतं ते पवित्र नाम देवालयाच्या घंटा ऐकत ऐकत पप्पांना रव्याची खीर भरवणं.

मग ते तेलाची बाटली घेऊन आलेले लोक. कुठल्या सभेचे ते राहू दे. त्यांनी पप्पांच्या कपाळाला तेल लावलं, मोठमोठ्याने प्रार्थना केली आणि जाताना मला सांगितलं की ह्या घरात कुठेतरी आज्ञाभंग आहे. आज्ञा पाळली असती तर देवाची उपस्थिती असती, आणि उपस्थिती असती तर आजार टिकला नसता. तुम्ही कोपऱ्यात बसून सगळं ऐकून घेतलंत. त्यांचं संपल्यावर म्हणालात, "बरं, आता तुम्ही पलीकडून चादर धरा, यांना वर सरकवायचंय." त्यातल्या एका तरुण मुलाने खरंच धरली, आणि छान धरली. तो नंतर एकटाच दोनदा येऊन गेला, तेलाशिवाय.

ते गेल्यावर मी रडले. तुम्ही रागावला होतात. "देव काय पाहुणा आहे, घर आवरून झालं की येणारा?" मग मला विचारलंत, दहा आज्ञा कुठून सुरू होतात. मी सांगितलं, माझ्याखेरीज तुला दुसरे देव नसावेत. "त्याच्या आधीची ओळ?" ती मला पटकन सांगता येईना. मिसर देशातून, दास्यगृहातून तुला ज्याने बाहेर आणलं तो मी तुझा देव परमेश्वर आहे. आधी तो आला, हाताला धरून बाहेर काढलं, समुद्र ओलांडून दिला, रानात मान्ना, म्हणजे आकाशातून अन्न दिलं, आणि मग आज्ञा सांगितल्या. "आज्ञा पाळल्या म्हणून तो आला नाही. तो आलेला होता म्हणून आज्ञा." मत्तयाच्या शुभवर्तमानाचा शेवटही तुम्ही तेव्हाच दाखवलात. मी जे आज्ञापिलं ते पाळायला शिकवा, आणि लगेच त्याला लागून, मी युगाच्या समाप्तीपर्यंत सर्व दिवस तुमच्याबरोबर आहे. इतकी वर्षं ही वाक्यं ऐकून मी एक काम म्हणून ठेवलं होतं आणि दुसरं पगार म्हणून. ती तशी नाहीत. ज्याने काम सांगितलं तोच सोबत उभा आहे, एवढंच तिथे लिहिलंय.

हे पटणं वेगळं आणि रात्री तीन वाजता टिकणं वेगळं. एका रात्री पप्पांनी माझा हात पिरगळला. त्यांना मी फुकटी प्रवासी वाटले होते. तुम्ही त्या रात्री मुक्कामाला होतात. मी स्वयंपाकघरात येऊन तुम्हाला म्हणाले, मावशी, मला इथे कोणीही असल्यासारखं वाटत नाही. दुसरं कोणी असतं तर मला वचनं ऐकवली असती. तुम्ही बराच वेळ गप्प होतात. हाताला बर्फ लावून दिलात. मग म्हणालात, "त्यालाही वाटलं नव्हतं. माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास, असं तो क्रुसावर ओरडला. आणि त्याच क्रुसावरून त्याने आईची सोय लावली. शिष्याला सांगितलं, ही तुझी आई. काही जाणवत नव्हतं तेव्हाही पाचवी आज्ञा त्याने सोडली नाही."

थोड्या वेळाने तुम्ही मला झोपायला पाठवलंत. "एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश नाही केला. भाकरी दिली, झोपू दिलं, परत उठवून भाकरी दिली. होरेब डोंगरावर देवाची भेट नंतर. जा, झोप."

माझं मन एकदम शांत झालं वगैरे काही झालं नाही. मी झोपले, एवढंच. पण त्यानंतर मी जाणवण्याची वाट बघणं सोडलं. दोन तास झाले की टिंग टिंग, कूस, उशी. तेवढं करताना खोलीत आणखी कोणी आहे असं धरून चालायचं. कधी जाणवायचं, बहुतेक वेळा नाही. जाणवण्यावर भरवसा नव्हता, त्याने शब्द दिलाय ह्यावर होता. माझ्यासारख्या चिकित्सक बाईला हे जमलं याचं मलाच नवल वाटतं.

एकदा तुमच्या आजीबद्दल बोललात. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात आलेली पोर. तिला आईबापाचे चेहरे आठवत नव्हते. मान राखायला घरात कोणी उरलेलं नाही, म्हणून तिने मुक्तीतल्या म्हाताऱ्या बायकांचं केलं. तुम्ही नर्स का झालात, हे मला त्या दिवशी कळलं. तुम्ही मात्र ते असं सांगितलंत की जणू केडगावला गाडी किती वाजता लागते ते सांगताय.

पप्पा गेले तो दिवस इथे लिहीत नाही. तुम्ही होतात, तुम्हाला माहीत आहे. त्यांच्या पाठीवर एकही जखम नव्हती, हे मात्र मी सगळ्यांना सांगते.

तुमची कमोडची खुर्ची आणि एअर बेड परत करायचं राहिलं, असं तुम्हाला वाटत असेल. दोन्ही आधी भवानी पेठेत एका घरी गेलं, आता नाना पेठेत आहे. मंडळीच्या कपाटात त्याची वही ठेवली आहे. एअर बेडचा पंप बिघडला होता, ह्यांनी दुरुस्त करून दिला. कोणाला लागलं तर पाळकसाहेबांकडे विचारावं.

आता शेवटचं, आणि ह्यावर विषय बदलू नका. तुमच्या सूनबाईंचा फोन आला होता. तुम्ही न्हाणीघरात दोनदा घसरलात, गुडघे धरून बसलात आणि तरी कोणाला हात लावू देत नाही म्हणे. मावशी, पाचवी आज्ञा त्या घरात दुसऱ्या कोणाला तरी पाळायची आहे, तिला पाळू द्या. चादरीची पद्धत मी त्यांना व्हिडिओ कॉलवर दाखवली आहे, त्यांना ती लगेच जमली. शनिवारी त्या पाणी गरम करून विचारायला येतील. हो म्हणा.

पप्पांची मुलगी आणि तुमचीही,
घोरपडे पेठ, पुणे