ईद-गणपतीच्या आत समन्वयक हवेत : मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतील मित्रांना आवाहन

सप्रेम नमस्कार, जय भीम, आदाब, सत श्री अकाल.

आपल्या शांतता मंचाच्या समन्वय समितीची मुदत या महिनाअखेर संपते आहे. तीन जिल्ह्यांत पुढचा समन्वयक ठरलेला नाही. लातूरच्या भाऊंनी प्रकृतीमुळे काम थांबवायचे ठरवले आहे आणि त्यांना आता अडवणे बरे नाही. ईद-ए-मिलाद, गणपती, दसरा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, सगळे ओळीने तोंडावर आले आहे. म्हणून आधी मुद्द्याचे सांगते : माणसे हवी आहेत. पैसेही हवेत, पण आधी माणसे.

जुन्यांना ठाऊक आहे, तरी नव्यांसाठी पुन्हा लिहिते. 27 जुलै 1978 ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा ठराव केला आणि आपल्याच गावांत दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडावा लागला. त्या काळात एकमेकांचे तोंड न पाहणारी पोरे 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर किल्लारी-सास्तूरला एकाच ढिगाऱ्यावर राबली. माती उपसताना कुणी कुणाचे आडनाव विचारले नाही. मदत वाटायची वेळ आली तेव्हा मात्र आडनावे पुन्हा निघाली, आणि मध्ये बसून दोघांशी बोलेल अशा माणसाची गरज पडली. आपला मंच त्या मदतीच्या मांडवात जन्मला. हे सांगताना आजही ऊर भरून येतो.

तेव्हापासून हे काम कुणी पगारावर केलेले नाही. कंधारचे गुरुजी निवृत्तीनंतर एसटीने गावोगाव फिरले. पाणंद रस्त्याचा वाद असो की स्मशानभूमीच्या जागेचा, त्यांची रीत ठरलेली : आधी एका बाजूच्या शेतातल्या आखाड्यावर जाऊन चहा घ्यायचा, मग दुसऱ्या बाजूच्या. एकत्र बैठक अगदी शेवटी. ‘आधीच समोरासमोर बसवलं की माणूस गावाला दाखवायला बोलतो,’ असे ते म्हणत. अंबाजोगाईच्या ताईंनी बायकांच्या बैठका सुरू केल्या नसत्या तर कितीतरी भांडणे आपल्याला कळलीच नसती. घरातला पोरगा रात्री कुठे जातो आणि मोबाईलवर काय पाहतो, हे आईला आधी कळते. परभणीच्या वकीलसाहेबांनी किती जणांना तक्रारीआधी बोलायला बसवले, याचा हिशेब त्यांनी ठेवला नाही, आम्हीही नाही.

आणि खुलताबादचे चाचा. 2023 साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, 28 सप्टेंबरला आली. राज्यात अनेक ठिकाणी मुस्लीम बांधवांनी आपली मिरवणूक पुढच्या दिवशी काढली. बातमी एका ओळीची आली. पण अशा एका ओळीमागे मशीद कमिट्या आणि गणेश मंडळांच्या किती बैठका असतात, ते चाचांसोबत बसलेल्यांना विचारा. त्या वर्षी ते आजारी होते, तरी एकही बैठक त्यांनी चुकवली नाही.

देणगीदारांचे ऋण तर फिटणारच नाही. मोंढ्यातले आडत दुकानदार दर सुगीला न मागता पाकीट पाठवतात. नांदेडच्या छापखानेवाल्यांनी आपली पत्रके मराठी, उर्दू आणि गुरुमुखीत छापून दिली, आजवर बिल दिले नाही. गंगाखेडच्या बचत गटांनी शिबिराचा स्वयंपाक अंगावर घेतला. धारूरकडच्या एका ऊसतोड जोडप्याने कारखान्यावर निघताना उचलीतले, म्हणजे आगाऊ मिळालेल्या मजुरीतले, 100 रुपये ताईंच्या हातात ठेवले. ती पावती आम्ही कार्यालयात लावून ठेवली आहे.

आता थोडे मनातले. गावात काही पेटले की आमचे फोन थांबत नाहीत. 2023 च्या ऑक्टोबरअखेर बीडमध्ये जाळपोळ झाली, त्यानंतरच्या आपल्या बैठकीत बसायला जागा उरली नव्हती. पुढच्या वार्षिक सभेला मात्र निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मागच्या वर्षी याच विनंतीचे पत्र सगळ्यांना पाठवले होते, बहुतेकांनी पोच सुद्धा दिली नाही. वाईट वाटले, ते लपवत नाही. आरक्षणाच्या प्रश्नावरून काही गावांत एकमेकांच्या दुकानात जायचे नाही इथपर्यंत गोष्टी गेल्या. मंच आरक्षणाच्या बाजूने वा विरोधात बोलत नाही, बोलणारही नाही. पण किराणा दुकान जातीवर चालू लागले तर गप्प बसणे हे आपले काम नव्हे.

‘आम्हाला कोण ओळखतं, आमचं कोण ऐकणार’ असे अनेक जण म्हणतात. भिवंडीचे उदाहरण बघा. 1988 पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या, त्या पुढाऱ्यांच्या नव्हे, साध्या रहिवाशांच्या. 1992-93 ला मुंबई जळत होती तेव्हा आधी दंगलींसाठीच ओळखली जाणारी भिवंडी शांत राहिली. विनोबांनी 1957 साली शांतिसेना काढली तेव्हा पाच हजार लोकांमागे एक शांतिसैनिक असा हिशेब धरला होता. 2011 च्या जनगणनेत मराठवाड्याची लोकसंख्या एक कोटी 87 लाख होती. म्हणजे साडेतीन हजारांवर माणसे लागतील. आम्ही एवढी मागत नाही. 76 तालुक्यांत प्रत्येकी दोन द्या. दोघे वेगवेगळ्या समाजांतले असावेत, निदान एक बाई असावी. एकट्या समन्वयकावर एका बाजूचा असल्याचा शिक्का लगेच बसतो, म्हणून जोडी.

काम काय, तर महिन्याला एक बैठक, पोलीस ठाण्याच्या शांतता समितीत हजेरी, मंडळांच्या आणि मोहल्ल्यातल्या पोरांशी सणाआधीच ओळख, व्हॉट्सअॅपवरच्या अफवेची जागेवर जाऊन खात्री. आपण पोलिसांचे खबरी नाही, हे दोन्हीकडे स्पष्ट सांगायचे. मुदत दोन वर्षे, फार तर दोनदा. या काळात पक्षाचे पद किंवा निवडणूक नाही. मानधन नाही, प्रवासभाडे मिळेल. तरुणांनी यावे, ही आमची खास इच्छा. गुरुजींच्या पिढीने खुर्ची अडवून धरलेली नाही, ती घ्यायला कुणी पुढे आले नाही.

नावे 15 ऑगस्टपर्यंत आपल्या जिल्हा समन्वयकाकडे द्या. जिथे समन्वयक नाही तिथे थेट परभणी कार्यालयात. नव्या समन्वयकांचे दोन दिवसांचे निवासी शिबिर ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, राहणे-जेवण मंचाकडे, अंथरूण-पांघरूण सोबत आणावे. विश्वस्त बदलले की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, म्हणून विश्वस्तपदासाठी तयार असणाऱ्यांनी आधार-पॅनच्या प्रती लगेच पाठवाव्यात. शिबिर व वर्षभराच्या प्रवासभाड्यासाठी अडीच लाख रुपये हवेत, 500 पासून पुढे जमेल ते द्या. रोख दिल्यास छापील पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. तांदूळ, डाळ, तेलही चालेल. विनोबांच्या सर्वोदय-पात्रात घरातले लेकरू रोज मूठभर धान्य टाकत असे. शाळांनी, बचत गटांनी तसे डबे ठेवले तर शिबिराच्या कोठीची चिंता मिटेल.

आपली नम्र,
सचिव, समन्वय समिती

ता. क. : हिंगोली आणि धाराशिवहून अद्याप एकही नाव आलेले नाही. तिथल्या मित्रांनी हे पत्र वाचताच फोन करावा.